गाडी पेलते कधी? नवा चालक आणि शक्तिशाली मोटारसायकल

भारतात गिअरच्या मोटारसायकलचे पक्के लायसन्स हाती आलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाने, ज्या शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवला ती गाडी घरी लावून, दुसऱ्याच दिवशी हजार सीसीच्या गाडीवर महामार्ग गाठला, तरी कायद्याची त्याला कोणतीही आडकाठी नसते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मोटारसायकलच्या लायसन्सचे बिनगिअरची आणि गिअरची असे दोनच वर्ग मानले आहेत. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी घातलेली 50 सीसीची मर्यादा सोडली, तर इंजिनाच्या क्षमतेचा किंवा शक्तीचा विचार या वर्गवारीत कोठेच नाही. त्यामुळे नवशिक्याने मोठ्या गाडीकडे कधी वळावे हा प्रश्न, जो अनेक देशांत सरकार सोडवते, तो येथे चालकावर आणि त्याच्या घरच्यांवर येऊन पडतो, आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर मासिक हप्ता किती बसतो, पाय जमिनीला टेकतात की नाही आणि मित्रांकडे कोणती गाडी आहे यांवरून ठरते. या तिन्ही गोष्टींचा गाडी आवरण्याच्या कौशल्याशी फारसा संबंध नाही.

या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहण्याचे कारण आकड्यांतच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. भारतातील बहुसंख्य दुचाकी लहान इंजिनाच्याच असल्याने लहान गाडी म्हणजे निर्धोक गाडी असा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. दोन्हींतला खरा फरक असा, की चालकाची चूक लहान गाडी काही अंशी पोटात घालते, तर शक्तिशाली गाडी ती चूक सुधारायला लागणारा वेळच काढून घेते.

सीसीचा आकडा आणि खरी शक्ती

सामान्य बोलण्यात गाडीची ताकद सीसीत मोजली जाते. सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. दट्ट्या वरखाली होताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा व्यापतो तिचे हे माप असून त्या जागेतून किती शक्ती काढायची हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणून सीसीच्या जोडीला अश्वशक्ती, म्हणजे इंजिन ठरावीक वेळात किती काम करू शकते त्याचे माप, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा जोर, हे दोन आकडे पाहावे लागतात. त्याहूनही उपयुक्त आहे ते शक्तीचे वजनाशी असलेले गुणोत्तर, कारण गाडी किती झपाट्याने वेग घेईल हे मुख्यतः त्यावर ठरते.

हिरो स्प्लेंडर प्लसचे इंजिन सुमारे 97 सीसीचे, शक्ती सुमारे 8 अश्वशक्ती आणि वजन 112 किलोच्या आसपास, म्हणजे दर शंभर किलोमागे साधारण 7 अश्वशक्ती. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 मध्ये सुमारे 20 अश्वशक्ती आणि 195 किलो वजन असल्याने तेच प्रमाण 10 वर जाते. पुण्याजवळच्या चाकणमध्ये बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम 390 ड्यूक कागदावर क्लासिकपेक्षा थोडीच मोठी दिसते, पण तिची शक्ती 45 अश्वशक्तीच्या घरात आणि वजन 170 किलोच्या जवळपास असल्याने दर शंभर किलोमागे तिच्याकडे 26 ते 27 अश्वशक्ती येतात. उलट 650 सीसीची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर सुमारे 47 अश्वशक्तीची असूनही दोनशे किलोंच्या वर भरत असल्याने या हिशोबात 390 च्या मागेच पडते. कावासाकी निंजा झेडएक्स-10आर ही 998 सीसीची, दोनशे किलोंहून थोडी जड आणि सुमारे दोनशे अश्वशक्तीची गाडी मात्र किलोमागे जवळजवळ एक अश्वशक्ती बाळगते. साडेतीनशेची चालवली, मग चारशेचीही जमेल, हा नेहमी केला जाणारा हिशोब किती फसवा आहे ते यावरून लक्षात येते, कारण सीसीच्या या छोट्या पायरीवर शक्तीचे प्रमाण अडीचपटीहून अधिक वाढलेले असते.

वजनाचा प्रश्न याहून वेगळा आहे. क्लासिकसारखी गाडी वेगाने फार घाबरवत नाही, परंतु उतारावर वळवताना, रेतीवर थांबताना किंवा मागे कोणी बसलेले असताना ती एका बाजूला कलली, तर ठरावीक मर्यादेपलीकडे ताकदवान माणसालाही सावरत नाही. म्हणजे शक्तीची तयारी आणि वजनाची तयारी या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांपैकी एक झाली म्हणून दुसरी झाली असे समजता येत नाही.

इतर देशांनी बांधलेल्या पायऱ्या

युरोपीय संघात 19 जानेवारी 2013 पासून लागू झालेल्या नियमांनी मोटारसायकलचे लायसन्स टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आखून दिली. ए-1 या वर्गात 125 सीसी आणि 11 किलोवॅट, म्हणजे साधारण 15 अश्वशक्ती, ही मर्यादा आहे. ए-2 वर्गात ती 35 किलोवॅट, म्हणजे सुमारे 47 अश्वशक्ती असून वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.2 किलोवॅटहून अधिक शक्ती चालत नाही. दुपटीहून अधिक शक्तीच्या गाडीचे इंजिन दाबून ती या वर्गात बसवायलाही बंदी आहे. कोणत्याही शक्तीच्या गाडीसाठी लागणारे ए वर्गाचे लायसन्स ए-2 वर दोन वर्षे काढल्यानंतर मिळवता येते आणि हा टप्पा वगळायचा असेल, तर सर्वसाधारणपणे चोविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. सिंगापूरमध्ये 200 सीसीपर्यंत, 201 ते 400 सीसी आणि त्यापुढे असे तीन वर्ग असून प्रत्येक वर्गात किमान एक वर्ष घालवल्याशिवाय पुढच्या वर्गाचा दरवाजा उघडत नाही. युरोपने शक्ती आणि वजन मोजले, सिंगापूरने सीसी मोजले, तरी मधल्या टप्प्यावर काही काळ काढल्याखेरीज नवशिक्याला सहसा वरच्या टप्प्यावर जाऊ द्यायचे नाही, या मुद्द्यावर दोघांचे एकमत दिसते.

जपानने याला कौशल्याच्या कसोटीची जोड दिली आहे आणि तिचा एक भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे. तेथील परीक्षेत 15 मीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून 5 सेंटिमीटर उंच अशा अरुंद पट्टीवरून मोटारसायकल न्यावी लागते. ही पट्टी लवकर पार करण्यात काहीच पुरुषार्थ नसतो. चारशे सीसीपर्यंतच्या वर्गासाठी किमान 7 सेकंद आणि त्यावरच्या वर्गासाठी किमान 10 सेकंद पट्टीवर राहणे अपेक्षित असते, वेळ कमी पडला तर गुण कापले जातात आणि चाक पट्टीवरून उतरले तर परीक्षा तेथेच संपते. दहा सेकंदांत पंधरा मीटर म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरहूनही कमी, माणसाच्या चालण्याएवढा वेग. या वेगात दोनशे किलोंची गाडी स्वतःहून तोल धरत नाही. क्लच अर्धवट सोडलेल्या स्थितीत बोटांनी तोलून धरावा लागतो, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच लावून ठेवावा लागतो, हँडल सतत किंचित डावी-उजवीकडे हलवावे लागते आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता पट्टीच्या टोकापलीकडे ठेवावी लागते. गाडी जितकी मोठी तितका अधिक वेळ हळू चालवून दाखवा, ही अट घालणाऱ्यांनी मोठ्या गाडीचे मर्म नेमके ओळखले आहे, कारण वेग घेण्याचे काम इंजिन करते आणि वेग नसताना गाडी सांभाळण्याचे काम चालकालाच करावे लागते.

हाताला काय आले पाहिजे

शक्तिशाली गाडीची तयारी तपासताना सर्वांत आधी उजव्या हाताकडे पाहावे लागते. खड्ड्याच्या धक्क्याने किंवा गाडीने अचानक वेग घेतल्याने चालकाचे अंग मागे फेकले गेले, की मूठ नकळत आणखी पिळली जाते, गाडी आणखी उसळते, अंग आणखी मागे जाते आणि हे चक्र क्षणात हाताबाहेर जाते. आठ अश्वशक्तीच्या गाडीत पिळण्यासारखे फारसे काही शिल्लकच नसल्याने ते तेथेच विरते. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या गाडीत तेवढ्या वेळात पुढचे चाक हलके झालेले असते किंवा समोरचे वाहन अंगावर आलेले असते. गुडघ्यांनी टाकी धरून अंगाचा भार पायांवर पेलणे आणि हात सैल ठेवणे ही सवय लहान गाडीवर पक्की झालेली नसेल, तर मोठ्या गाडीवर ती शिकण्याची किंमत फार चढी पडते.

दुसरी कसोटी ब्रेकची. भारतात बहुतेक जण वडिलांकडून, भावाकडून किंवा मित्राकडून गाडी शिकतात आणि पुढचा ब्रेक मारलास तर पालथा पडशील हा उपदेश त्यांना पहिल्याच दिवशी मिळतो, त्यामुळे आयुष्यभर मागचाच ब्रेक वापरणारे दुचाकीस्वार सर्वत्र आढळतात. वास्तविक गाडीचा वेग कमी होताना तिचा भार पुढे सरकतो, पुढचे टायर रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच येते. मात्र तो एकदम न आवळता आधी हलका आणि भार पुढे आल्यावर घट्ट असा दाबावा लागतो. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लागल्यावर चाक जागच्या जागी अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाली असली, तरी अनेक गाड्यांत ती फक्त पुढच्या चाकाला असते, आणि थांबायला लागणारे अंतर कोणतीही यंत्रणा नाहीसे करू शकत नाही.

या अंतराचा ब्रेक लागल्यानंतरचा भाग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लावणारा चालक धरला आणि धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गृहीत धरला, तर ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबेपर्यंत ढोबळमानाने 37 मीटर जाते, तर ताशी 100 किलोमीटरला हेच अंतर 84 मीटरच्या आसपास पोचते. वेग दुपटीहून कमी वाढला तरी अंतर दुपटीच्या पुढे गेले. रस्ता ओला असेल तर ते आणखी लांबते. स्प्लेंडरसारख्या गाडीला ताशी शंभरच्या जवळ जाताना धाप लागते आणि तेवढ्यात चालकाला वेगाची जाणीव होते. शक्तिशाली गाडी तोच वेग काही सेकंदांत आणि फारशी कुरकुर न करता गाठते, त्यामुळे काट्याकडे न पाहणाऱ्याला आपण किती वेगात आहोत हे बहुधा ब्रेक लावतानाच कळते.

तिसरी कसोटी वळणाची. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे मोटारसायकल हँडल फिरवून वळत नसून एका बाजूला झुकवून वळवावी लागते, आणि तिला डावीकडे झुकवण्यासाठी हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. अनेक जण हे नकळत करत असतात, पण वळण अपेक्षेपेक्षा अधिक आवळत गेले की घाबरून उलट करतात किंवा झुकलेल्या गाडीवर जोरात ब्रेक मारतात. त्यातच भीतीने नजर कठड्यावर किंवा समोरच्या एसटीवर खिळते, आणि जिकडे नजर तिकडे गाडी हा दुचाकीचा स्वभावच असल्याने जे टाळायचे त्याच्यावरच जाऊन ती आदळते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात वळण येण्याआधी वेग उतरवून, योग्य गिअर टाकून, वळण जिथे सुटते तिथे नजर ठेवून आणि हलकी रेस देत बाहेर पडणे हे लहान गाडीवर सहज, दर वळणाला आणि सोबतच्या गाड्यांच्या दडपणाविना जमू लागले, म्हणजे या बाबतीत हात बसला असे म्हणता येते.

वर्षांचा अनुभव आणि अनुभवाची वर्षे

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील नऊशेहून अधिक मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर अभ्यास झाला आणि 1981 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी सुमारे 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते, आणि अपघात झाला त्या विशिष्ट गाडीवरचा निम्म्याहून अधिक जणांचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता, असे त्यात आढळले. काही जणांची इतर गाड्यांवर वर्षे गेलेली होती, पण हातातली गाडी नवी होती. याच अहवालात मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी दिसल्या, मात्र अपघात झाल्यावर दुखापत अधिक गंभीर झालेली आढळली. पुढे 2007 मध्ये तेथील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने शर्यतीच्या धर्तीवर बांधलेल्या सुपरस्पोर्ट गाड्यांच्या चालकांचे मृत्यूचे प्रमाण, नोंदणी झालेल्या गाड्यांच्या तुलनेत, इतर मोटारसायकलींच्या सुमारे चौपट असल्याचे दाखवले. अशा गाड्या निवडणारे चालक बऱ्याचदा तरुण आणि वेगाचे शौकीन असतात, हे लक्षात घेतल्यास दोष इंजिनाचा किती आणि स्वभावाचा किती हे वेगळे काढणे अवघड असले, तरी तरुण वय, वेगाची ओढ आणि मोठी शक्ती एकत्र आल्यावर काय होते हे स्पष्ट दिसते.

म्हणून पाच वर्षे गाडी चालवतो या वाक्याला स्वतंत्रपणे फारशी किंमत देता येत नाही. घर ते कचेरी हा चार किलोमीटरचा ओळखीचा रस्ता पाच वर्षे तुडवणाऱ्याच्या खाती बहुधा एकाच वर्षाचा अनुभव पाच वेळा जमा झालेला असतो. महाराष्ट्रातील चालकाच्या बाबतीत एक अख्खा पावसाळा, विशेषतः महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि तेल वर येऊन रस्ता निसरडा करणारा पहिला पाऊस, रात्रीचा महामार्ग, ऊस गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलींनी भरलेले पश्चिम महाराष्ट्रातले रस्ते, चढ-उताराचा घाट आणि मागे माणूस बसवून केलेला प्रवास, एवढ्या परिस्थितींतून लहान गाडीवर तो गेलेला असला पाहिजे. वीस वर्षांपूर्वी आरएक्स 100 चालवलेला आणि मुले मोठी झाल्यावर हौसेने मोठी गाडी घेणारा चाळिशी-पन्नाशीचा गृहस्थही या हिशोबाने नवशिक्याच ठरतो, कारण मधल्या काळात त्याचे प्रतिसाद मंदावलेले असतात आणि तरुणपणीचा आत्मविश्वास मात्र शाबूत असतो. एरवी घरी स्कूटरच चालवणारा पर्यटक गोव्यात उतरताच भाड्याने जड बुलेट घेऊन अनोळखी, अरुंद रस्त्यांवर निघतो, तेव्हाही हाच प्रकार घडत असतो.

कौशल्याच्या पुढे स्वभावाची कसोटी येते आणि ती स्वतःच स्वतःची घ्यावी लागते. गेल्या काही महिन्यांत थोडक्यात वाचलो असे म्हणण्याची वेळ किती वेळा आली आणि त्या प्रत्येक वेळी चूक समोरच्याची होती हे उत्तर तोंडात तयार आहे का, कोणी कट मारून पुढे गेल्यावर त्याला जाऊ देता येते का, आणि रविवारी लोणावळ्याकडे निघालेल्या घोळक्यात सर्वांत मागे पडण्याची तयारी आहे का, या प्रश्नांची उत्तरे गाडीच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जातात. समोरचा चुकला तरी आपल्याला थोडे आधी कळायला हवे होते, असे ज्याला वाटते तो पुढच्या पायरीच्या जवळ आलेला असतो.

पायरी चढताना

या सर्व कसोट्यांना उतरलेल्या चालकानेही 100 वरून थेट 1000 वर न जाता मधल्या शक्तीच्या गाडीवर एक-दोन वर्षे काढणे हिताचे असते, आणि त्या काळात युरोपची 47 अश्वशक्तीची रेषा ओलांडण्याचे कारण सहसा पडत नाही. नवी गाडी आल्यावर पहिले काही आठवडे मोकळ्या मैदानात हळू वळणे, अर्ध्या क्लचवर सरळ रेषा आणि वाढत्या वेगातून ब्रेक यांचा सराव करावा, गाडीत पावसासाठी मवाळ मोड असेल तर तोच ठेवावा आणि पहिल्या महिन्यांत मागे कोणाला बसवू नये. वळणावर चाक घसरू न देणाऱ्या किंवा मागच्या चाकाचा जोर आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उपयुक्त असल्या, तरी त्या चूक झाल्यावर मदतीला येतात, चूक ओळखायला शिकवत नाहीत. गाडीच्या किमतीत भारतीय मानक आयएस 4151 चा शिक्का असलेले चांगले हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि वेळेवर बदलायचे टायर यांचा खर्च आधीच धरावा. तो परवडत नसेल, तर ती गाडी परवडत नाही असेच समजावे.

अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी मुलाच्या हाती लायसन्सशिवाय गाडी देणाऱ्या पालकांसाठी 2019 च्या दुरुस्तीने 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र कायदा बाजूला होतो आणि तेथून पुढची पायरी घरानेच ठरवायची असते. ती ठरवण्याचा एक साधा नियम पाळता येतो. लहान गाडीवर अजून काही शिकण्यासारखे आहे असे ज्याला वाटते, त्याच्या बाबतीत मोठ्या गाडीचा विचार विश्वासाने करावा, आणि लहान गाडीने आता काही मजा येत नाही एवढेच ज्याच्याकडे कारण आहे, त्याला आणखी एक पावसाळा थांबवावे. बारावीच्या निकालाचे किंवा पहिल्या पगाराचे बक्षीस म्हणून मोठी मोटारसायकल मागितली गेली, तर पालकांनी शोरूममध्ये जाण्याआधी मुलाच्या मागे बसून त्याच्या जुन्या गाडीवरून एक घाट उतरून पाहावा, म्हणजे हो म्हणायचे की नाही हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.